मास्ट्रिख्टची मोटरसायकल

मोटरसायकल एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे तिच्यावर बसायचं आणि निघायचं. हे मला त्या महिन्यात भेटेल त्यानं सांगितलं. ऑफिसातल्यांनी सांगितलं, शेजाऱ्यांनी सांगितलं, आणि माझ्या तोंडात नळ्या खुपसून ठेवलेल्या डेंटिस्टनंसुद्धा सांगितलं. तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. तसं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते जरा अपमानास्पद होतं.

मला मोटरसायकल येत नाही. पुण्यात मी आयुष्यभर बिनगिअरची स्कूटर चालवली आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. मोटरसायकल येते ती माझ्या बायकोला, वृंदाला. साताऱ्यात असताना ती वडिलांच्या मोटरसायकलवरून कॉलेजला जायची. नेदरलँड्सला आल्यावर आम्ही दोघांनी आपापली भारतीय लायसन्सं नगरपालिकेत बदलून घेतली, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी माझ्या कार्डावर फक्त मोटार दिली आणि वृंदाच्या कार्डावर मोटार आणि मोटरसायकल दोन्ही. त्या बाईंनी तेव्हा माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी अजून विसरलेलो नाही.

तर ही मोटरसायकल वृंदासाठी होती. तिचा चाळिसावा वाढदिवस होता. आजवर मी तिला मिक्सर, हवा शुद्ध करायचं यंत्र, पाय शेकायची पिशवी अशा वस्तू दिल्या आहेत. तिनं त्या सगळ्या नीट वापरल्या, तक्रार केली नाही. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या, झूटरमेरच्या बाजारात एका काळ्या मोटरसायकलसमोर ती थांबली, सीटवर हात ठेवून म्हणाली, "अशी एक हवी होती, नाही?" आणि लगेच कोथिंबीर घ्यायला पुढे गेली. इतक्या वर्षांत तिनं स्वतःसाठी असं काही म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. तेव्हाच मी ठरवलं की एकदा तरी हिला हवी ती वस्तू आणायची, तीही हिला न सांगता, आणि हिच्या दारात उभी करायची.

मास्ट्रिख्टला माझा कॉलेजातला मित्र दीनानाथ राहतो. विद्यापीठातलं संशोधन आटोपून तो कायमचा नाशिकला परत चालला होता आणि त्याच्याकडे तशीच एक काळी, दोन सिलिंडरची, जुनी पण देखणी मोटरसायकल होती. सौदा फोनवरच झाला. दीनानाथला बांधाबांधीतून सवड नव्हती, त्यामुळे प्रश्न एवढाच उरला की ती देशाच्या त्या टोकाहून या टोकाला आणायची कशी. जिला चालवता येते तिला सांगायचं नाही, आणि ज्याला सांगता येतं त्याला चालवता येत नाही.

पहिला सल्ला यशोधनचा. यशोधन आमच्याच रांगेत चार घरं सोडून राहतो. मूळचा डोंबिवलीचा. तो कुठलीही गोष्ट विकत घेण्याआधी तिच्यावर इतका अभ्यास करतो की तोवर ती बाजारातून गेलेली असते. तो म्हणाला, "अरे, सोप्पंय. तुझ्या गाडीला मागे हुक आहे ना? त्यावर मोटरसायकलचा रॅक बसतो. मी तीन व्हिडिओ बघितलेत. एका माणसानं तर आल्प्स पार केले."

आमच्या गाडीला हुक आहे, कारण सायकली मागे लटकवून गावोगाव फिरल्याशिवाय या देशात आपल्याला कुणी माणसात धरत नाही. मी इंटरनेटवर कुणाचा तरी जुना रॅक हेरला आणि एका संध्याकाळी आणून खालच्या कोठीत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी वृंदा कांदे आणायला कोठीत गेली.

"मोहन, हे लोखंडाचं काय आणलंयस?"

"सायकल रॅक."

"सायकल रॅक आहे आपल्याकडे."

"हा मोठ्या सायकलींसाठी आहे."

"कुणाच्या मोठ्या सायकली?"

यावर मी ऑफिसचा फोन आल्याचं सोंग केलं. दोन दिवसांनी पाहिलं तर तिनं त्या रॅकवर चादरी वाळत घातल्या होत्या. घातल्या होत्या त्या चांगल्या वाळल्याही, हे कबूल करायला हवं.

रॅक बसवायला मी गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या माणसानं माझ्या गाडीची पुस्तिका उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि शांतपणे सांगितलं की या हुकावर वरून जास्तीत जास्त पंचाहत्तर किलो भार चालतो. मोटरसायकल त्याच्या दुपटीहून जास्त, वर रॅकचं वजन वेगळं. "तुम्ही स्वतः यावर बसलात," तो माझ्याकडे आपादमस्तक बघून म्हणाला, "तरी मी तुम्हाला उतरायला सांगीन." हे मला यशोधनला कळवावं लागलं. तो अजिबात ओशाळला नाही. म्हणाला, "हां, म्हणजे त्या व्हिडिओतली गाडी मोठी होती." आल्प्स पार करणारा माणूस बहुधा ट्रकवाला असावा.

दुसरा सल्ला शेजारच्या हेर्मनचा. हेर्मन निवृत्त आहे. उंची सव्वासहा फूट, बोलणं कमी. डच माणसाकडे दोन वस्तू असतातच: एक शिडी आणि एक ट्रेलर. दोन्ही वस्तू तो आनंदानं उसन्या देतो, फक्त आधी वेळ ठरवून यावं लागतं. मी पुढच्या गुरुवारची वेळ घेतली. आमच्याकडे शेजाऱ्याकडे साखर मागायला जाताना कुणी वेळ घेत नाही, पण ट्रेलर म्हणजे साखर नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी डच भाषेची परीक्षा नुकतीच पास झालो होतो आणि त्या भरात हेर्मनला बजावून ठेवलं होतं की यापुढे माझ्याशी इंग्रजीत एक अक्षर बोलायचं नाही. हेर्मन शब्दाचा पक्का. त्या गुरुवारी पाऊस पडत होता, आणि भर पावसात उभं राहून त्यानं मला ट्रेलरबद्दल पाऊण तास समजावलं. त्यातलं मला साधारण निम्मं कळलं. चाकातली हवा कळली, दिव्यांची वायर कळली, पट्टे कसे आवळायचे ते कळलं. मग तो ट्रेलरच्या मागच्या बाजूला गेला, तिथली त्याच्या नंबराची पांढरी पाटी खटकन काढून खिशात घातली आणि त्या पाटीविषयी बराच वेळ काहीतरी सांगितलं. शेवटी त्यानं विचारलं, "स्पष्ट आहे?"

आता आपल्या माणसाला अशा वेळी काय होतं ते आपल्या माणसालाच कळेल. समोरचा एवढा जीव तोडून सांगतोय, पावसात भिजतोय, त्याला "परत सांगा" म्हणणं म्हणजे त्याचा आणि आपल्या परीक्षेचा दोघांचाही अपमान. मी मान हलवली आणि म्हणालो, "अगदी स्पष्ट." एवढंच करून थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी वर "भारतातही असंच असतं" असंही म्हणालो.

ट्रेलर लावून गल्लीतून मागे घेताना पहिला धडा मिळाला. गाडी डावीकडे वळवली की ट्रेलर उजवीकडे जातो. हे माहीत असून उपयोग नसतो, कारण हात ऐकत नाहीत. तीन वेळा ट्रेलर आडवा झाला. चौथ्या वेळी समोरच्या बाईंच्या हायड्रेंजियात घुसला. त्या बाहेर आल्या, फुलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन माझ्यासाठी कॉफी घेऊन आल्या. यापेक्षा त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. अखेर हेर्मननं ट्रेलर हुकावरून सोडवला आणि लहान मुलाचं बोट धरावं तसा हातानं ओढत कोपऱ्यापर्यंत नेऊन दिला.

वृंदाला मी सांगितलं की दीनानाथला सामान बांधायला मदत करायला चाललोय, शुक्रवारी रात्री तिथेच राहतो, शनिवारी दुपारच्या आत येतो. शनिवारी तिचा वाढदिवस होता आणि तीन वाजता माणसं बोलावली होती. "ट्रेलर कशाला?" तिनं विचारलं. "त्याच्या जुन्या खुर्च्या आणतो," मी म्हणालो. "आपल्याला खुर्च्या नकोत," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं.

शनिवारी सकाळी मास्ट्रिख्टला दीनानाथनं आणि मी मोटरसायकल फळीवरून ट्रेलरवर चढवली. हा प्रकार दोन पन्नाशीकडे झुकलेल्या माणसांनी करण्यासारखा नव्हे. पण चढली. पट्टे आवळले. दीनानाथनं नारळ फोडला, ट्रेलरच्या दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली. तेवढ्यात शेजारची एक विद्यार्थिनी धावत आली आणि "तुमची फळं पडलीत" म्हणून दोन्ही लिंबं उचलून अदबीनं आमच्या हातात दिली. दीनानाथ तिला काही सांगणार होता, पण मी त्याला आवरलं. आम्ही ती परत ठेवली, आणि तिनं ते खिडकीतून पाहिलं.

मग दीनानाथ ट्रेलरच्या मागे उभा राहिला आणि म्हणाला, "मोहन, याला नंबर कुठाय?"

"हेर्मननं काढून घेतला."

"का?"

तेव्हा माझ्या डोक्यात हेर्मनचं ते पाटीवरचं व्याख्यान हळूहळू उलगडलं. लहान ट्रेलरला स्वतःचा नंबर नसतो. जी गाडी ओढते तिचा नंबर पांढऱ्या पाटीवर करून मागे लावायचा असतो. म्हणून त्यानं आपली पाटी काढून घेतली होती आणि मी माझी लावायची होती. म्हणजे मास्ट्रिख्टपर्यंतसुद्धा मी बिननंबरी आलो होतो. ती पाटी अधिकृत दुकानात, गाडीचं कार्ड दाखवून करून घ्यावी लागते. तसं दुकान जवळपास एकच होतं आणि ते सोमवारी उघडणार होतं.

"त्यात काय," दीनानाथ म्हणाला, "रंगवू." पुण्यात नव्या गाडीला आपण काय करायचो? कोपऱ्यावरच्या पेंटरकडून रंगवून घ्यायचो. दीनानाथनं खोक्याचा पांढरा पुठ्ठा कापला, मी जाड काळ्या पेननं माझ्या गाडीचा नंबर लिहिला. सुलेखनात मला शाळेत बक्षीस होतं. अक्षर इतकं सुंदर आलं की खरी पाटी त्यापुढे फिकी वाटली असती. पुठ्ठा तारेनं बांधला आणि मी निघालो.

वाटेतल्या वेर्ट गावाच्या अलीकडे एक पोलीस गाडी माझ्या पुढे येऊन चालू लागली आणि तिच्या मागच्या काचेत 'मागे या' अशी अक्षरं उमटली. मी आज्ञाधारकपणे तिच्यामागे एका पेट्रोल पंपावर गेलो. गाडीतून एक पोलीस बाई उतरल्या. वय माझ्याएवढंच असेल. त्यांनी आधी मोटरसायकलचे पट्टे तपासले आणि "छान बांधलंय" म्हणाल्या. मला वाटलं, सुटलो. मग त्या मागे गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत.

"मेनेर," अखेर त्यांनी डचमध्ये साहेब म्हणून हाक मारली, "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"सुंदर आहे."

"थँक यू."

त्यांनी पुठ्ठा उलटा केला. मागच्या बाजूला दीनानाथच्या हातचं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: देवघर, जपून. हे काय आहे, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मराठी. अर्थ विचारला. मी सांगितलं, "देव. नाजूक." त्या क्षणभर विचारात पडल्या आणि मग म्हणाल्या की देव असो वा नसो, हा ट्रेलर इथून पुढे माझ्या गाडीमागे जाणार नाही.

त्या चिडल्या नाहीत, हे सर्वांत वाईट. उलट त्यांनी मार्ग सुचवला. ट्रेलरच्या मालकानं त्याची गाडी आणि त्याची पाटी घेऊन यावं. आणि मोटरसायकल तर पूर्णपणे कायदेशीर आहे, विमा आहे, कागद आहेत. "कुणाकडे मोटरसायकलचं लायसन्स आहे?"

"माझ्या बायकोकडे."

"मग तिला बोलवा की."

"तिला बोलावता येत नाही. तिचा आज वाढदिवस आहे आणि हे सरप्राइज आहे."

त्यांनी माझ्याकडे, पुठ्ठ्याकडे आणि मोटरसायकलकडे पाळीपाळीनं पाहिलं. "मेनेर," त्या म्हणाल्या, "मला वाटतं तिला आश्चर्य वाटेलच."

मी फोन लावला. त्या शेजारीच उभ्या.

"वृंदा, हॅपी बर्थडे."

"सकाळीच दिल्यास की शुभेच्छा. कुठे पोचलास?"

"वेर्टला आहे. तू हेर्मनबरोबर इकडे ये ना. त्याला म्हणावं पाटी घेऊन ये."

"मोहन, दुपारी माणसं येणारेत. मी वड्यांचं सारण परततेय. काय झालंय? अपघात झाला का?"

"नाही गं. पोलीस आहेत, पण चांगल्या आहेत."

मग मी जे बोलायचं नाही असं महिनाभर ठरवलं होतं, तेवढं एकच वाक्य बोललो.

"येताना लायसन्स घेऊन ये."

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाली, "येते."

निदान पाहण्याचा क्षण तरी जपावा म्हणून मी दीनानाथनं माझ्या गाडीत टाकलेली एक जुनी चादर मोटरसायकलवर टाकली. पोलीस बाईंनी दुसरं टोक धरून बांधायला मदत केली आणि "मी थोड्या वेळानं बघून जाते" म्हणून निघून गेल्या. त्या वळल्या आणि वाऱ्यानं चादर उडवली. ती मी कुंपणापलीकडच्या शेतातून दोनदा आणली. तिसऱ्यांदा आणायला गेलो असताना, बूट चिखलात रुतलेले, हातात फुलाफुलांची चादर, अशा अवस्थेत मी मागे वळून पाहिलं तर हेर्मनची गाडी येऊन थांबली होती आणि वृंदा ट्रेलरपाशी उभी होती.

मी एक छोटं भाषण तयार केलं होतं. ते राहिलंच. वृंदानं मोटरसायकलला एक फेरी मारली. टाकीवर हात ठेवला. आरसा थोडा वळवला. मला वाटलं आता ती रडेल, किंवा हसेल, किंवा निदान मला काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "चोक कुठाय हिचा?"

हेर्मननं आपली पाटी ट्रेलरला लावली आणि सरळ माणसासारखं सुचवलं की आता त्याची गाडी आहे, पाटी आहे, मोटरसायकल आहे तशीच ट्रेलरवर राहू दे, तो ती त्याच्या गाडीमागे घरी नेईल. सगळ्यांत शहाणा पर्याय होता तो. मीही मान डोलावली.

"नको," वृंदा म्हणाली. "खाली उतरवा."

उतरवली. मोटरसायकलबरोबर दीनानाथनं दिलेलं हेल्मेट माझ्या गाडीत होतं, ते तिनं घातलं. हातमोजे घातले. मग माझ्याकडे हात पुढे केला. मला वाटलं हात हातात घेतेय, म्हणून मी हात दिला. तिला माझं जाड जाकीट हवं होतं. ते काढून दिलं आणि मी वाऱ्यात शर्टावर उभा राहिलो. पहिल्यांदा गाडी बंद पडली. मी पटकन म्हणालो, "बघ, खूप वर्षं झालीत, राहू दे." तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्यांदा सुरू झाली, तिनं पंपाला एक चक्कर मारली, मग आणखी एक, आणि तिसऱ्या चकरेला आली नाही. महामार्गाच्या चढावर तिची ताठ पाठ दिसली, माझ्या जाकिटातली, आणि दिसेनाशी झाली.

मी खरं सांगतो, मला तेव्हा आनंद झाला नाही. भीती वाटली. हायवे, वारा, वीस वर्षांनी हातात आलेली मोटरसायकल, आणि हे सगळं मी घडवून आणलेलं. हेर्मन रिकामा ट्रेलर घेऊन नियमाप्रमाणे सावकाश चालला होता. त्याला मागे टाकून पुढे जाणं मला सभ्य वाटेना. म्हणून सगळा रस्ता मी त्या ट्रेलरचा मागचा भाग आणि त्यावरची हेर्मनची पाटी बघत आलो.

घरासमोर मोटरसायकल नव्हती. घरात वृंदा नव्हती. फोन उचलत नव्हती. तीन वाजले आणि माणसं यायला लागली.

इथल्या वाढदिवसाला पाहुणे गोल करून खुर्च्यांवर बसतात आणि केक येईपर्यंत उठत नाहीत. आणि आत येणारा प्रत्येक जण ज्याचा वाढदिवस त्याचं तर अभिनंदन करतोच, पण घरातल्या प्रत्येकाचंही करतो. "तुमच्या बायकोबद्दल अभिनंदन," म्हणत एकेक जण माझा हात हलवत होता. हायड्रेंजियावाल्या बाईंनी केलं, यशोधननं केलं, वर "रॅक असता तर हे झालंच नसतं" असंही तो म्हणाला. वर्षानुवर्षं मला हा प्रकार विचित्र वाटत आलाय, जन्मली ती आणि अभिनंदन माझं. त्या दिवशी तर प्रत्येक अभिनंदनाला मी खिडकीतून रस्त्याकडे बघत होतो, कारण जिच्याबद्दल करत होते ती कुठे आहे हेच मला माहीत नव्हतं. "कुठे आहे ती?" असं प्रत्येक जण विचारी आणि मी "येतेच आहे" म्हणे. हेर्मन गोलात बसून माझ्याकडे बघत होता.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे नुसता वारा.

"वृंदा? कुठे आहेस तू?"

"स्खेवेनिंगनला. समुद्रावर."

"घर सोडून पुढे कशी गेलीस?"

"आपलं वळण दिसलं रे. पण वळावंसं वाटेना." ती हसत होती. पूर्वी साताऱ्याला त्यांच्या घरी मी तिला बघायला गेलो होतो तेव्हा ती आतल्या खोलीत कुणाशी तरी अशी हसत होती. नंतर इतक्या मोकळेपणी हसलेली ऐकली नव्हती. "घाबरलास?"

"खूप."

"मी पण पहिले दहा किलोमीटर. मोहन, छान आहे रे ही. फार छान आहे. माणसं आली का?"

"आलीत. गोल करून बसलीत."

"मग वडे तळ. सारण फ्रिजमध्ये आहे, बेसन तू भिजव. मी जरा किनाऱ्यानं फिरून येते."

मी बेसन भिजवलं. ते घट्ट झालं, मग पातळ झालं, मग पुरेसं झालं. पहिला घाणा कढईत सोडला आणि दाराची बेल वाजली. पलीकडच्या इमारतीतल्या आजीबाई उशिरा आल्या होत्या. त्यांनी माझा पिठानं भरलेला हात तसाच धरला आणि म्हणाल्या, "तुमच्या बायकोबद्दल मनापासून अभिनंदन."

मी दुसरा हातही त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणालो, "खरंच करायला हवं. चला आत, ती समुद्रावर गेलीय."